रजिस्टर लग्न नसलेला देश

लोद (इस्रायल) :

इस्रायलमध्ये रजिस्टर लग्न होत नाही. घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करणाऱ्या कल्याण-डोंबिवलीच्या जोडप्यांची वाट आपल्याला माहीत आहे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस जीव मुठीत धरून काढायचे, मग तीन साक्षीदार आणि सह्या. १९५४च्या विशेष विवाह कायद्याने ही वाट खुली केली. इथे तसा कायदाच नाही. ज्यूंची लग्नं आणि काडीमोड रब्बायांच्या हाती, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूंच्या. मुसलमानांचे विषय शरियत न्यायालयांकडे, ख्रिस्त्यांचे चर्चकडे, द्रुझांचे त्यांच्या स्वतःच्या न्यायालयांकडे. ज्यू मुलीने किंवा मुलाने परधर्मातला जोडीदार निवडला तर रब्बाय ते लग्न लावत नाहीत आणि सरकारी कचेरी त्यात पडत नाही. मग जोडपं विमानाने सायप्रसला जातं, लार्नाकाच्या नगरपालिकेत लग्न करतं आणि दाखला घेऊन परत येतं. परदेशातला असा दाखला नोंदणी अधिकाऱ्याने नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ठरवून दिलं. कोविडपासून काहीजण विमानभाडंही वाचवू लागले. घरी बसून, अमेरिकेतल्या युटा राज्याच्या अधिकाऱ्यासमोर, व्हिडिओवर लग्न! २०२३ मध्ये न्यायालयाने त्यालाही मान्यता दिली.

युद्धाच्या बातम्या तुम्हाला रोज मिळतात, त्यात मी भर घालत नाही. धर्म हे समाजाला मुठीत ठेवण्याचं साधन आहे का, या आपल्याकडच्या व्याख्यानमालांच्या लाडक्या प्रश्नाबद्दल मात्र इथून काही सांगण्यासारखं आहे. त्यातली एक हकीकत ठाण्याशी आणि कोकणाशी थेट जोडलेली आहे.

आधी ही व्यवस्था आली कुठून ते. प्रत्येक जमातीने आपले विवाह-वारसे आपल्या धर्मपीठापुढे सोडवावेत, ही तुर्की अमलातली रीत. ब्रिटिशांनी ती तशीच राहू दिली. जून १९४७ मध्ये, देश जन्माला यायच्या आधी, ज्यूंचे नेते डेव्हिड बेन-गुरियन यांनी कर्मठ ज्यूंच्या अगुदात इस्रायल या पक्षाला एक पत्र पाठवलं. नव्या राज्यात शनिवार सुटीचा असेल, सरकारी स्वयंपाकघरात धर्माला चालणारं अन्न शिजेल, कौटुंबिक बाबतीत फूट पडू दिली जाणार नाही आणि शिक्षणात ज्याला त्याला स्वायत्तता राहील, अशी चार आश्वासनं त्यात होती. बेन-गुरियन स्वतः काही भाविक नव्हते. पॅलेस्टाईनचा प्रश्न तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे ज्यूंचा आवाज एक असावा म्हणून केलेला तो सौदा होता. १९५३ मध्ये कायदा करून ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट पूर्णपणे रब्बायांच्या न्यायालयांकडे सोपवले गेले.

शनिवारचं म्हणाल तर, शुक्रवारी दुपारी आसनगाव-कर्जतच्या साऱ्या लोकल बंद होऊन शनिवारी रात्री सुरू झाल्या तर डोंबिवलीकराचं काय होईल, ते डोळ्यांपुढे आणा. इथे गाड्या तशाच थांबतात. हैफासारखे अपवाद सोडले तर बसही नाही. एल-अल ही विमान कंपनी १९८२ पासून शब्बाथला, म्हणजे या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, उड्डाण करत नाही. गाडी नसलेल्याने दवाखान्यातल्या आईला भेटायचं कसं, असं लोक चिडून विचारतात. पण त्याच दिवशी ड्रायव्हर, हमाल आणि दुकानातली पोरगी यांना हक्काची विश्रांती मिळते, आणि आठवड्याचे सहा दिवस लोकलला लटकणाऱ्या माणसाला त्याचं मोल मी काय समजावणार? या एका मुद्द्यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. लग्नाच्या बाबतीत झालेलं आहे.

ते झालं बेने इस्रायलांमुळे, म्हणजे कोकणातल्या ज्यूंमुळे. टेंभी नाक्याच्या परिसरातलं शआर हशामायिम हे १८७९ सालचं सिनेगॉग ठाणेकरांच्या ओळखीचं आहे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपण झालो, असं ही माणसं सांगतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पेणकर, केहीमकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावं, घरात मराठी. एलियाहू हन्नबी या प्रेषिताला नवस बोलायचा आणि फेडताना पोहे, गूळ, खोबरं, फळं घालून मलिदा करायचा. दीक्षित रब्बाय त्यांच्यात नव्हता. पोथ्याही पिढ्यानपिढ्या नव्हत्या. तरी शनिवार पाळला गेला, सुंता झाली, खवले नसलेला मासा ताटात आला नाही. बंद घाण्यावर देखरेख करायला कुणी इन्स्पेक्टर नव्हता. पाळलं नाही तर ‘आपण’ उरणार नाही, एवढंच होतं.

१९४८ नंतर ही कुटुंबं इस्रायलमध्ये येऊ लागली आणि लोद, रामले, अश्दोद, बीरशेबा, दिमोना इथे वसली. भेदभावाला कंटाळून पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच एका गटाने तेल अवीवमध्ये धरणं धरून ‘आम्हाला भारतात परत पाठवा’ असा हट्ट धरला आणि ते परत गेलेही. खरा तडाखा नंतर बसला. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य रब्बायांच्या परिषदेने सांगितलं, की बेने इस्रायलांशी लग्न करायला हरकत नाही. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेली: वधू किंवा वर बेने इस्रायल असेल तर आई, आजी आणि जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन वंश तपासा. शंका अशी की कोकणात परधर्मीयांशी सोयरीक झाली असेल. दुसरी शंका त्याहून कडू. ‘गेट’ हे धार्मिक काडीमोडपत्र न घेता कोणा बाईने दुसरं लग्न केलं असेल, तर धर्मशास्त्राप्रमाणे तिची मुलं कलंकित ठरतात, आणि तो कलंक पिढ्यानपिढ्या उतरतो. अलिबाग-पेणच्या खेड्यांत ‘गेट’ देणारं न्यायालयच नव्हतं. पणजीचा काडीमोड कसा झाला, याचा कागद पणतवाने कुठून आणायचा?

जेरुसलेममध्ये धरणी झाली, उपोषणं झाली, साड्या नेसलेल्या बायका रस्त्यावर बसल्या. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये संसदेचं, म्हणजे कनेसेटचं, खास अधिवेशन बोलवावं लागलं. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारची भूमिका स्वच्छ होती: बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांना समान हक्क आहेत. महिनाअखेर रब्बायांच्या परिषदेने सूचनेतून जमातीचं नाव काढलं आणि त्याजागी ‘ज्यांच्या कुळाविषयी शंका आहे असे कोणीही’ असे शब्द घातले. तपासणीचा नियम राहिला तो राहिलाच.

आता एक अडचणीची गोष्ट. वंशाची छाननी बेने इस्रायलांना नवी नव्हती. कोकणात त्यांच्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे भेद होते. काळे म्हणजे मिश्र संबंधांतून जन्मलेल्यांचे वंशज, असं गोरे म्हणत. बेटीव्यवहार नव्हता, पंगतीही वेगळ्या. हे त्यांना कोणा रब्बायाने शिकवलेलं नव्हतं. शेजारचं गाव बघून ते शिकले. मराठी गावात राहायचं आणि जातीपासून अलिप्त राहायचं, हे कोणाला जमलंय? धर्मपीठ नसलं की माणूस मोकळा, असं म्हणणाऱ्यांनी आपली गावकी आठवावी. रायगड जिल्ह्यातली वाळीत टाकण्याची प्रकरणं इतकी गाजली, की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. त्याआधी मुंबई प्रांताने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याला बंदी घातली होती. दाऊदी बोहरांचे धर्मप्रमुख सय्यदना यांनी तिला आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, जानेवारी १९६२ मध्ये. पुढच्याच महिन्यात जेरुसलेमहून आजीचा वंश तपासायची सूचना निघाली. सय्यदनांचं ते प्रकरण २०२३ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेलं.

तरीही गावकी आणि इथली व्यवस्था यांत फरक आहे, आणि माझ्या लेखी तोच मोठा. गावकीने पाणी तोडलं तर तालुक्याला पोलीस ठाणं आहे, गाव सोडून कल्याणला खोली घेता येते. इथे रब्बायच्या सहीमागे राज्याचा शिक्का आहे. नवऱ्याने ‘गेट’ दिलं नाही तर बायको वर्षानुवर्षं अडकून पडते. अशा नवऱ्याचा वाहन परवाना किंवा बँक खातं गोठवायची, त्याला तुरुंगात टाकायची मुभा १९९५च्या कायद्याने रब्बायांच्या न्यायालयांना दिली, पण लग्न मोडायचा अधिकार न्यायाधीशाला दिला नाही. त्या कायद्याच्या आधीच एकाने तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला आणि तिथेच मेला, पण ‘गेट’ दिलं नाही. शिवाय २०१३ पासून नोंदणीबाहेर ज्यू लग्न लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०१८ च्या जुलैमध्ये हैफातल्या एका उदारमतवादी रब्बायला पोलिसांनी पहाटे घरातून चौकशीसाठी नेलं ते याच आरोपावरून. धर्मगुरूने धर्मविधी केला म्हणून धर्मराज्याच्या पोलिसांनी उचललं, असा हा प्रकार.

बेने इस्रायलांनंतर ती छाननी इथिओपियाहून आलेल्यांच्या वाट्याला गेली. १९८५ मध्ये ते मुख्य रब्बायांच्या कचेरीसमोर जवळजवळ महिनाभर बसले होते. मग सोव्हिएत संघातून आलेले लाखो लोक: नागरिक, करदाते, सैन्यात भरती होणारे, पण आई ज्यू नाही म्हणून लग्नाच्या वहीत ज्यू नाहीत. २०१० मध्ये ‘निधर्मी’ म्हणून नोंद झालेल्या दोघांना एकमेकांशी करार करायची परवानगी मिळाली, दोघेही निधर्मी असतील तरच. नागरी विवाहाची विधेयकं येतात आणि पडतात. मुख्य रब्बायांपुढे मान तुकवणारे इथे बहुसंख्य नाहीत, ओळखीतले कित्येकजण तर शनिवारी समुद्रावर असतात. पण कनेसेटमध्ये १२० जागा आहेत, सरकारला ६१ लागतात, आणि धार्मिक पक्षांना सोडून त्या फार थोड्या वेळा जमल्या आहेत.