बटाट्याला संजीवक : केव्हा द्यावे, केव्हा टाळावे



पूर्वहंगामी उसात बटाट्याचे आंतरपीक घेतले, की ऊस मोठा होईतो हाती दोन पैसे येतात. मात्र "हे संजीवक मारा, बटाटा फुगतो" असे सांगून बाटल्या खपविणारेही बांधावर येतात. म्हणून या विषयाची थोडी फोड करीत आहोत.

संजीवक म्हणजे खत नव्हे. खत हे पिकाचे जेवण, तर संजीवक हा पिकाला दिलेला हुकूम. द्राक्षबागाईतदारांच्या ओळखीचे 'जीए', म्हणजे जिबरेलिक आम्ल, पिकाला लांब व्हायला सांगते. बटाट्याचे मात्र उलटे आहे. रात्री थंड व दिवस लहान झाले, की जमिनीतल्या फांदीच्या टोकाशी हे द्रव्य कमी होते, आणि तेव्हाच तिथे कंद धरतो. अशा उभ्या पिकावर जीए फवारले तर पाला माजतो, कंद मागे पडतो. पैसा गेला तो गेलाच, वर पीकही लांबले!

रत्नागिरीचे उदाहरण पाहा. मिरकरवाडा बंदराच्या या मुलखात हापूसला पॅक्लोब्युट्राझॉल देतात. ते झाडातले जिबरेलिन तयार होणे रोखते, त्यामुळे पालवी आवरते व मोहोर येतो. म्हणजे तिथे हुकूम थांबवूनच फळ मिळते. पण आंब्याचे औषध बटाट्याला चालेल असे समजू नये.

मग जीएचा उपयोग कुठे? बेण्याला. खरिपाचा बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरात काढून लगेच बेणे म्हणून लावला, तर तो उगवत नाही. कारण काढणीनंतर काही आठवडे डोळे झोपलेले असतात. लिटरला सुमारे १ मिलिग्रॅम जीएच्या पाण्यात बेणे थोडा वेळ बुडवून सावलीत सुकविले, की डोळे जागे होतात. १ ग्रॅम भुकटी १००० लिटर पाण्याला पुरते, यावरून मात्रा किती बारीक आहे ते ध्यानात यावे. भुकटी आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवावी. मात्रा वाढली तर कोंब बारीक व लांबट येतात. शीतगृहातून मोड येऊन आलेल्या बेण्याला याची गरजच नाही.

बाटली घेताना लेबलावर घटक, नोंदणी क्रमांक व बटाट्याचे नाव आहे का ते पाहावे आणि पावती मागावी. उत्पन्न वाढते ते निरोगी बेणे, वेळेवर भर व बेताचे पाणी यांनी. भर चांगली दिली तर कंद उघडे पडून हिरवे होत नाहीत, भावही टिकतो.

आधी चार सऱ्यांवर करून पाहावे, मगच रानभर हात घालावा, ही विनंती.