आयईएलटीएस : आधी मशागत, मग पेरणी

शेतकरी बंधूंनो, कृषी पदवी घेतलेली तुमची पोरगी एक दिवस म्हणते, "बाबा, पुढं शिकायला ऑस्ट्रेलियाला जायचंय. त्याआधी आयईएलटीएस द्यावी लागंल." तालुक्याला चौकशी केली, तर एखादा क्लासवाला सांगतो, "सात बँडची गॅरंटी, फी आधी." मग दावणीची म्हैस विकावी का, असा विचार मनात येतो. जरा थांबा. पैसे मोजण्याआधी ही परीक्षा काय आहे ते समजून घ्या.

इंग्रजी किती येते हे तपासणारी ही परीक्षा १९८९ सालापासून घेतली जाते. तिचे चार भाग आहेत : ऐकणे सुमारे ३० मिनिटे, वाचन ६० मिनिटे, लेखन ६० मिनिटे आणि परीक्षकाशी बोलणे ११ ते १४ मिनिटे. विद्यापीठासाठी सहसा 'अकॅडमिक' प्रकार लागतो. यात पास-नापास नसते. गुण ९ पर्यंतच्या पट्टीवर मिळतात, त्यालाच बँड म्हणायचे. किती बँड हवेत ते ज्याचे त्याचे विद्यापीठ ठरवते. पुष्कळ ठिकाणी ६ ते ७ मागतात. निकाल साधारण दोन वर्षे ग्राह्य धरतात, म्हणून फार आधी परीक्षा उरकण्यातही फायदा नाही.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरी पोरं इथं अडतात, कारण आपली सवय गाईड पाठ करायची. इथं ध्वनिफीत एकदाच ऐकवतात. बोलताना एक कार्ड देतात, विचाराला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. पाठ केलेलं उत्तर परीक्षकाच्या लगेच ध्यानात येतं आणि त्यानं नुकसानच होतं. साहेबी उच्चार लागत नाहीत. बोललेलं स्पष्ट कळलं पाहिजे. लेखनात एक उत्तर किमान १५० शब्दांचं, दुसरं २५० शब्दांचं. दुसऱ्याला दुप्पट वजन असतं.

तेव्हा सहा महिने आधी घरीच सुरुवात करा. रोज इंग्रजी बातम्या एकदा ऐकून मुद्दे लिहायचे, मग पुन्हा ऐकून ताडून पाहायचे. ठिबक सिंचन, माती परीक्षण अशा ओळखीच्या विषयावरचा इंग्रजी लेख वाचायचा. आठवड्याला दोन निबंध चाळीस मिनिटांत लिहून हायस्कूलच्या गुरुजींना दाखवायचे. गावच्या बाजारावर दोन मिनिटं बोलून मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचं आणि स्वतः ऐकायचं. परीक्षा घेणाऱ्या संस्थांचे सराव प्रश्न इंटरनेटवर फुकट मिळतात. ऐकण्याच्या आणि वाचनाच्या उत्तरात स्पेलिंग चुकलं तर गुण जातो. पण चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडू नये.

क्लास लावूच नका, असं नाही. चांगला शिक्षक चुका दाखवतो. पण बँडची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. "पैसे द्या, बँड वाढवून आणतो" म्हणणारा सरळ फसवतो. निकाल खरा की खोटा हे विद्यापीठ स्वतः तपासून घेऊ शकतं. खोटं उघडं पडलं की पैसा जातो आणि प्रवेशही.

सरपंच, ग्रामसेवक आणि गुरुजींनाही एक विनंती. या परीक्षेला ओळख म्हणून पासपोर्ट लागतो. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आडनाव कुठं पुढं तर कुठं मागं, असं असलं की पासपोर्ट अडतो. ही दुरुस्ती वेळेत करून द्या. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या वाचनालयात तासभर दिवा आणि चार खुर्च्या मिळाल्या, तर दोन-चार पोरं एकमेकांशी इंग्रजी बोलतील. चुकतील, हसतील, पण जीभ वळेल.

नांगरट न करता पेरणी केली तर काय उगवतं, हे तुम्हाला सांगायला नको. म्हैस दावणीलाच राहू द्या. पोरीला रोजचा एक तास मोकळा द्या.