गोवर, अतिसार आणि ‘अ’ जीवनसत्त्व

लहान मुलाला दोन-चार दिवस जुलाब झाले, की घरातील कोणीतरी सुचवते, “अंगणवाडीत पाजतात तो ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देऊन टाका, लवकर बरे वाटेल.” सूचना मायेपोटी केलेली असते, परंतु ती अर्धीच खरी आहे. हे जीवनसत्त्व केव्हा प्राण वाचवते आणि केव्हा त्यावर विसंबून राहणे धोक्याचे ठरते, हे प्रत्येक पालकाला ठाऊक असले पाहिजे.

डोळ्यांपलीकडचे कार्य

‘अ’ जीवनसत्त्वाअभावी रातांधळेपणा येतो, हे सर्वपरिचित आहे. मात्र आतडी व श्वासमार्ग यांचे अस्तर निरोगी ठेवण्यासाठी आणि रोगप्रतिकारशक्तीसाठीही ते आवश्यक असते. अस्तर दुबळे झाले, की जंतूंचा शिरकाव सोपा होतो. संसर्ग झाला, की भूक मंदावते, अन्न नीट शोषले जात नाही आणि यकृतातील साठा आणखी आटतो.

इंडोनेशियात नेत्रतज्ज्ञ अल्फ्रेड सोमर यांना आढळले, की या अभावाची सौम्य नेत्रलक्षणे असलेली मुलेही इतरांपेक्षा अधिक प्रमाणात दगावतात. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आचे प्रांतातील अभ्यासात, डोस दिलेल्या गावांतील बालमृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. पुढे उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र लाभ अगदी अल्प दिसला. लाभ सर्वत्र सारखा नसतो, हे यातून ध्यानात येते.

गोवरात डोस हवाच

गोवर शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने घटवतो. त्यातून न्यूमोनिया, अतिसार, अंधत्व ओढवू शकते. केपटाऊन येथे गंभीर गोवराच्या १८९ मुलांवर केलेल्या, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा मुले दगावली. त्यांपैकी दहा मुलांना हे जीवनसत्त्व मिळालेले नव्हते. म्हणूनच गोवर झालेल्या बालकास सलग दोन दिवस, वयानुसार ठरवलेला डोस डॉक्टरांकरवी दिला जातो. ‘अंगावर देवी आली आहे, औषध नको’ या समजुतीने घरी थांबू नये. तसेच हा डोस लशीला पर्याय नव्हे.

जुलाबात प्रथम जलसंजीवनी

साध्या तीव्र अतिसारात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने जुलाब थांबत नाहीत. तेथे मुलाचा जीव जातो तो शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने. म्हणून जलसंजीवनी थोडी थोडी, वारंवार पाजावी. स्तनपान व नेहमीचा मऊ आहार चालू ठेवावा. आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने १४ दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. सहा महिन्यांवरील मुलास रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळास १० मिलिग्रॅम हे प्रमाण असते. डोळे खोल गेले, मूल सुस्त झाले, पाणी पिईना किंवा शौचातून रक्त पडू लागले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

नियमित डोस, मोजूनच

आपल्याकडील कार्यक्रमात नवव्या महिन्यात गोवराच्या लशीसोबत एक लाख एकक आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एकक, असे एकूण नऊ डोस दिले जातात. प्रत्येक डोसाची नोंद बालकाच्या कार्डावर करून घ्यावी. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. अतिरेक झाल्यास उलट्या, डोकेदुखी व यकृताला इजा संभवते. म्हणून मनाने जादा डोस देऊ नये. गर्भवतींनी तर असे मोठे डोस कदापि घेऊ नयेत.

दैनंदिन गरज स्वयंपाकघरातूनच भागावी. शेवग्याचा पाला, माठ, लाल भोपळा, गाजर, पिकलेली पपई व आंबा, दूध, अंड्याचा बलक यांना ताटात स्थान द्यावे. भाजीला थोडे तेल वा तूप असल्यास हे सत्त्व अधिक चांगले शोषले जाते. डोस वर्षातून दोनदा मिळतो. आहार मात्र रोजचा असतो.