वाशीची गाडी भरण्याआधी

हिवाळा लागला की शिवारातला ताजा माल रात्रीच्या गाडीने नवी मुंबईच्या वाशी बाजाराकडे निघतो. मुंबईचा घाऊक भाजी व फळबाजार १९९६ मध्ये वाशीला आला, तेव्हापासून घाटावरच्या शेतकऱ्याचे लक्ष तिथल्या भावाकडे असते. मेथी, पालक, गाजर, मटार, आवळा, पेरू असा निवडक माल पहाटे तिथे उतरतो आणि शहरातली माणसे तो पैसे मोजून खातात. पण ज्या घराने तो पिकवला, त्या घरच्या ताटात काय असते? पुष्कळ घरी भाकरी, चटणी आणि वर चहा!

थंडीत सर्दी, खोकला व ताप घरोघर फिरतो. दारे-खिडक्या लावून माणसे जवळजवळ बसतात, त्यामुळे एकाचा आजार दुसऱ्याला चटकन लागतो. त्याला तोंड देण्याची शक्ती एखाद्या काढ्यात किंवा महागड्या टॉनिकात नसते. रोगाशी झुंजणारे शरीरातले सैन्य प्रथिने, लोह, जस्त व जीवनसत्त्वे यांवर पोसले जाते. पोट भरले, पण हे घटक मिळाले नाहीत, तर ते सैन्य उपाशीच राहते.

याचा खणखणीत पुरावा झारखंडात मिळाला आहे. २०१९ ते २०२२ या काळात तिथे क्षयरोग्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसांची पाहणी झाली. त्यांतील एका गटाला सहा महिने तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्या गटाच्या मानाने या गटात क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्के कमी आढळले. तांदूळ आणि डाळ यांनी हे साधले, हे ध्यानात ठेवावे.

मग आपल्या घरी काय करावे? बाजरीच्या भाकरीबरोबर रोज डाळ, उसळ किंवा पिठले असावे. पालेभाजी आठवड्यातून एकदा नव्हे, रोज हवी. तिळाची चटणी किंवा तीळगूळ संक्रांतीपुरता न ठेवता थंडीभर खावा. आवळ्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. त्याने सर्दी मुळीच होणार नाही असे नाही. पण जेवताना आवळ्याची फोड किंवा लिंबू घेतल्यास भाकरी-भाजीतले लोह अंगी अधिक लागते. चहा मात्र जेवणानंतर तासाभराने घ्यावा, कारण तो लोह शोषू देत नाही.

वाशीच्या पलीकडे पनवेल-उरण भागातील शेतकरी कुटुंबे आपले पीक आधी कसे चाखतात, ते पाहण्यासारखे आहे. भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर तिथे वाल येतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि अंडी किंवा कोंबडी भरतात. पाण्याचा थेंबही न घालता मडके पालथे घालून भोवती जाळ करतात. हीच पोपटी. शेतातली प्रथिने साऱ्या घरादाराच्या पोटात जातात, तीही एकत्र बसून.

एकत्र बसणे महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसले. सर्वांना वाढून जी शेवटी बसते, तिच्या वाट्याला पातेल्याचा तळच येतो. सूनबाई, लेकी व म्हाताऱ्या सासूबाई यांचे ताट आधी वाढून ठेवले, तर घराची निम्मी काळजी मिटेल.

आहाराला आणखी दोन गोष्टींची जोड हवी. चुलीचा धूर कोंडू देऊ नये; लहान मुलांना त्यातून न्यूमोनियाचा धोका वाढतो. बाळाला न्यूमोनियाची लस ६ आठवडे, १४ आठवडे व ९ महिने या वयांत सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते, ती चुकवू नये. आणि घरात कोणालाही दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर काढे करीत न बसता थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात तीही मोफत होते.

चार पैसे हवेत, म्हणून माल वाशीला जायलाच हवा. पण दवाखान्याच्या एका खेपेत आवळ्याच्या कित्येक पाट्यांचे पैसे जातात. तेव्हा गाडी भरण्याआधी एक पाटी घरासाठी बाजूला काढावी. तीही बदल्याची नको, चांगल्या मालाची हवी.