इसाराआधी शोध

जळगावात पिंप्राळ्याला किंवा धुळ्यात देवपूरला घराचा सौदा बहुधा एका बैठकीत ठरतो. भाव जुळतो, मध्यस्थ दोन्ही बाजूंना राजी करतो, सौदापावती लिहिली जाते आणि इसाराचे पैसे हातोहात दिले जातात. कागदपत्रांच्या झेरॉक्स मागाहून येतात. घेणारा वकिलाकडे जातो तो बँकेने कर्जासाठी सर्च रिपोर्ट मागितला म्हणून, आणि तोवर त्याची मोठी रक्कम अडकलेली असते. हा क्रम उलटा आहे. मालकीचा शोध इसाराच्या आधीच व्हायला हवा, कारण आपल्या कायद्याची रचनाच अशी आहे की न शोधण्याचा जवळपास सगळा तोटा घेणाऱ्याच्या माथी येतो.

बहुतेकांचा समज असा, की दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठे झाले, सूची क्रमांक २ हातात आली, की सरकारने मालकी मान्य केली. प्रत्यक्षात १९०८ च्या नोंदणी कायद्याने नोंद होते ती दस्ताची. विकणारा खरोखर मालक आहे का, हे ठरवणे निबंधकाचे काम नाही. तामिळनाडूतून आलेल्या एका प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केले आणि विकणाऱ्याकडे मालकीचा पुरावा मागणारा तिथला नियम रद्द केला. सातबाऱ्याची गोष्ट फार वेगळी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १५७ म्हणते, की अधिकार अभिलेखातली प्रमाणित नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. ‘विरुद्ध सिद्ध होईपर्यंत’ या अटीतच तिची मर्यादा आहे. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, असे न्यायालये वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. गावठाणातल्या घराचा आधार तर त्याहून कच्चा असतो. तिथे विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुढे करतो, आणि तो मुळात घरपट्टी आकारण्याचा कागद आहे. वलवाडी, अवधानसारखी गावे धुळे महापालिकेत आली, हद्द बदलली. घरांमागचे जुने कागद मात्र तेच राहिले. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ सालापासून सरकारच मालकीची हमी देते आणि नोंदवहीतले नाव अखेरचे मानले जाते. आपल्याकडे अशी हमी नाही. इथे मालकी ही दस्तांची साखळी आहे, आणि तिची प्रत्येक कडी घेणाऱ्यानेच तपासायची आहे.

त्यावर कायदा आणखी एक गोष्ट गृहीत धरतो, आणि ती सामान्य माणसाला फारशी ठाऊक नसते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३ नुसार, नोंदलेला दस्त घेणाऱ्याला माहीत होता असेच मानले जाते, मग त्याने तो पाहिलेला असो वा नसो. घरात दुसरा कोणी राहत असेल, तर त्याचा त्या घरावर जो हक्क असेल तोही घेणाऱ्याला माहीत होता असे धरतात. म्हणजे ‘मला कोणी सांगितले नाही’ हा बचाव उरत नाही. वरवर मालक दिसणाऱ्याकडून प्रामाणिकपणे घेणाऱ्याला कलम ४१ संरक्षण देते, पण त्याने वाजवी चौकशी केली असेल तरच. सौदापावतीचे किंवा साठेखताचे बळही पाहावे. कलम ५४ स्पष्ट सांगते, की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. इसार परत मिळावा म्हणून कलम ५५ घेणाऱ्याला मालमत्तेवर बोजा देते खरा, पण तो विकणाऱ्याच्या हिश्श्यापुरताच. विकणाऱ्याचा हिस्साच नसेल तर बोजा बसणार कशावर?

आता खान्देशातल्या प्लॉटची मुळे पाहू. जळगाव आणि धुळ्याभोवतीच्या बहुतेक वसाहती शेतांवर उभ्या राहिल्या, त्यामुळे आजच्या बंगल्यामागे कुठला तरी जुना गट क्रमांक आहे आणि त्या गटात एक कुटुंब आहे. वडील गेले, वारस नोंद लागली, भावांनी आपसात वाटून घेतले आणि बहिणींची नावे फेरफारात राहूनच गेली, हे सर्रास घडलेले आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. तो जन्मानेच मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितले. बहिणीने ‘मला काही नको’ असे तोंडी म्हटले तरी हक्क सुटत नाही. त्याला नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते. आणि ते नसल्याची अडचण पुढे भावाच्या नव्हे, प्लॉट घेणाऱ्याच्या दारात येते.

सातबाऱ्यावरचा इतर हक्कांचा रकाना याच कारणाने नीट वाचावा लागतो. त्यात विकास सोसायटीचा बोजा असतो, कधी कुळकायदा कलम ४३ चा शेरा असतो. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुळांना मिळालेल्या जमिनींवर विक्रीची बंधने आली, ती या शेऱ्यातून कळतात. तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा मोडून एक-दोन गुंठ्यांनी विकलेल्या जमिनी हा आणखी एक प्रश्न. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, पण तुमचा प्लॉट खरोखर नियमित झाला का, हे आदेशाची प्रत पाहिल्याशिवाय समजत नाही. शेजाऱ्याचा झाला म्हणून तुमचाही झाला, असे होत नाही.

शोध तीस वर्षांचा घ्यायचा असा प्रघात आहे. गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला मुदत कायद्याने तीस वर्षे दिली आहेत, हे त्यामागचे एक मोठे कारण. पण आपल्या भागात तीस वर्षे नेहमी पुरत नाहीत. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात आदिवासी खातेदारांच्या जमिनी कर्जापोटी आणि फसवणुकीने मोठ्या प्रमाणावर बाहेर गेल्या. त्या काळी धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्यात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. त्याच दशकात १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातली हस्तांतरणे तपासून जमिनी मूळ मालकांना परत देण्याचा कायदा झाला, आणि पुढच्या हस्तांतरणांना जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ ने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीची अट घातली. हा कायदा न्यायाचा होता आणि आजही आहे. म्हणूनच अशा गटात घर घेणाऱ्याने १९५७ पर्यंत मागे जाण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. परवानगीविना गेलेली जमीन अनेक हातांतून फिरली म्हणून शुद्ध होत नाही. सावकारीच्या व्यवहारांचेही असेच आहे. कागदावर खरेदीखत, प्रत्यक्षात कर्जाचे तारण, असे दस्त महाराष्ट्र सावकारी अधिनियम, २०१४ च्या कलम १८ खाली पंधरा वर्षांपर्यंत मागे जाऊन अवैध ठरवता येतात. अगदी थोड्या काळात, बाजारभावाच्या निम्म्याने झालेली खरेदी साखळीत दिसली, तर तिथे थांबून विचारलेच पाहिजे.

‘बँकेने कर्ज दिले म्हणजे कागद चोख’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. बँकेचा वकील बँकेच्या तारणासाठी पाहतो, तुमच्यासाठी नव्हे. व्यवहार बिघडला तरी हप्ते तुम्हालाच भरायचे असतात. शिवाय बँक येते ती इसारानंतर. कर्ज एका बँकेतून दुसरीकडे नेतानाही हाच धडा लागू होतो. मूळ दस्त ठेवून घेतलेले गहाण सातबाऱ्यावर दिसेलच असे नाही. ते केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सरसाईत शोधावे लागते, आणि २०१३ पासून महाराष्ट्रात दुय्यम निबंधकाकडे दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रांतही. जुने कर्ज फिटल्यावर बँकेने मूळ कागद तीस दिवसांत परत द्यावेत, तिच्याकडून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. त्याचा आग्रह धरावा, आणि बोजा कमी झाल्याची नोंदही करून घ्यावी.

दुसरा आक्षेप अधिक आपुलकीचा आहे: गाव लहान, माणसे ओळखीची, विकणारा सोयऱ्यांतला, त्याच्याकडे कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे. ओळखीचे मोल मी कमी लेखत नाही; या भागातला किती तरी व्यवहार तिच्यावरच चालतो. पण दोष बहुधा विकणाऱ्याच्या मनात नसतो. तो त्याच्या आजोबांच्या वाटणीत असतो आणि खुद्द त्यालाही ठाऊक नसतो. लहान इमारतींच्या बाबतीत तर दुसरा रखवालदारही नसतो. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा आठ सदनिकांपर्यंतचे प्रकल्प महारेरा नोंदणीच्या सक्तीबाहेर राहतात, आणि आपल्या शहरांतल्या रो-हाऊसच्या अनेक योजना एवढ्याच आकाराच्या असतात.

तिसरा आक्षेप खराच अडचणीचा: शोध होईस्तोवर चांगला सौदा हातचा जातो. यावर तोडगा आहे. इसार लहान ठेवावा, चेकने द्यावा, आणि सौदापावतीतच लिहावे की तीस वर्षांचा शोध निर्वेध निघाला नाही तर रक्कम ठरलेल्या दिवसांत परत. प्रामाणिक विकणारा ही अट नाकारत नाही. सुमारे २००२ नंतरच्या नोंदी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात, त्याआधीच्यांसाठी कार्यालयात जाऊन वह्या चाळाव्या लागतात. मात्र हा शोध एकदाच करून भागत नाही. दस्त झाल्यावर तो नोंदणीला आणायला कायदा चार महिने देतो, आणि नोंदणी झाली की दस्त सहीच्या दिवसापासून लागू होतो. म्हणून खरेदीखताच्या आदल्या दिवशी सूची पुन्हा एकदा पाहावी, आणि जागेवर जाऊन घरात आज कोण राहते तेही विचारून यावे.