पुढं अपघात नाही, तरी रस्ता जाम का होतो?

गेल्या दिवाळीत मी कारनं पुण्याहून सांगलीला घरी निघालो होतो. खंबाटकी घाटात अडकलो. मॅप्सवर रस्ता लालभडक. मागं ॲम्ब्युलन्सचा सायरन वाजत होता, पण तिला सरकायलाच जागा नव्हती. पुढं ट्रक उलटला असेल असं वाटलं. पाऊण तासानं वर पोचलो, तर काहीच नाही! मॅप्सला आपल्या फोनच्या हालचालीवरून वेग कळतो, कारण नाही. मग कोंडी झाली कशी?

२२ गाड्यांचा प्रयोग

२००८ मध्ये जपानी संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. २३० मीटरच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या, सगळ्यांनी सारख्या वेगानं चालवायच्या. ना सिग्नल, ना खड्डा. तरी कोंडी झालीच! एकानं वेग किंचित कमी केला की मागचा जरा जास्त ब्रेक मारतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. शेवटी कुणीतरी थांबतोच, आणि ही लाट मागं सरकत जाते. घाटात लोडेड ट्रक हळू चढतो, कारवाला झटकन लेन बदलतो आणि लाट सुरू होते.

साधा हिशेब

दोन गाड्यांत २ सेकंदांचं अंतर धरलं, तर एका लेनमधून तासाला ३६०० ÷ २ = १८०० गाड्या जातात. जास्त आल्या की रांग लागणारच. महामार्ग सहापदरी केला, तरी अरुंद घाटातून जेवढ्या जातील तेवढ्याच पुढं जाणार. नरसाळं वरून कितीही रुंद असू दे, तेल नळीएवढंच पडतं.

मग उपाय काय?

एक, अरुंद जागा काढून टाकायची. त्यासाठीच खंबाटकीत प्रत्येकी तीन लेनचे दोन नवे बोगदे हाती घेतलेत. साताऱ्यात पोवई नाक्याच्या भुयारी ग्रेड सेपरेटरमुळे एकमेकांना आडवी जाणारी वाहनं वेगळी होतात.

दोन, वेग सांभाळायचा. लंडनभोवतीच्या एम-२५ रस्त्यावर १९९५ पासून गर्दी वाढली की बोर्डावरची वेगमर्यादा कमी होते. सगळे थोडे हळू, पण सलग चालतात. ब्रेकची लाट कमी उठते.

आपल्या हातात काय?

दोन सेकंदांचं अंतर ठेवा, चढावर उगाच लेन बदलू नका. खरं सांगू? त्या दिवशी मी स्वतः चार वेळा लेन बदलली होती. त्या ॲम्ब्युलन्सला अडवणाऱ्यांत मीही होतो.