प्रवेशात निम्म्या, अधिष्ठातापदी मोजक्या

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत नव्याने प्रवेश घेणाऱ्यांत स्त्रियांची संख्या २०१७ मध्ये प्रथमच पुरुषांहून अधिक झाली. अध्यापनाच्या श्रेणीत वर जावे तसे हे प्रमाण मात्र घटत जाते. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेच्या २०१८-१९ च्या अहवालानुसार पूर्णवेळ अध्यापकांत स्त्रिया ४१ टक्के, पूर्ण प्राध्यापकांत २५ टक्के, तर विभागप्रमुख आणि अधिष्ठाता या पदांवर प्रत्येकी १८ टक्के होत्या.

अडथळे कोणते?

● काळ : संशोधनात नाव कमावण्याची आणि बाळंतपण-संगोपनाची वर्षे एकच असतात.

● मूल्यमापन : बढती ठरते ती शोधनिबंध आणि संशोधन-अनुदानावर. अध्यापन, विद्यार्थ्यांना मार्गदर्शन आणि समित्यांचे काम हिशेबात कमी धरले जाते.

● पाठबळ : वरिष्ठ पदासाठी नाव पुढे करणाऱ्यांत पुरुषच अधिक असतात.

● छळ : वैद्यकीय विद्यार्थिनींना लैंगिक छळाचा अनुभव विज्ञान व अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींपेक्षा जास्त येतो, याकडे अमेरिकेच्या विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यकविषयक राष्ट्रीय अकादमींच्या २०१८ च्या अहवालाने लक्ष वेधले.

यांपैकी काळाच्या अडथळ्यावर उपाय म्हणून अनेक विद्यापीठे मूल झाल्यावर कायम नियुक्तीच्या मूल्यमापनाची मुदत वाढवून देतात.